सब्र रुग्णाने करावा. सोबत कोणी करावी?

गेवराई तालुक्यातील तलवाड्यासारख्या गावात एखाद्या घरी कर्करोगाचे निदान झाले, की सायंकाळपर्यंत ओसरी माणसांनी भरून जाते. येणारा प्रत्येक जण जवळजवळ एकच वाक्य उच्चारतो : “सब्र करा, ही अल्लाहकडून आलेली आजमाईश आहे.” वाक्य खरे आहे आणि बोलणाऱ्याची नियतही बहुधा साफ असते. परंतु उपचार महिनोन्महिने चालतात. हळूहळू येणाऱ्यांची संख्या घटते आणि ते घर आपल्या चिंतेसह एकटे पडते. अशा वेळी आपण स्वतःला एक प्रश्न विचारला पाहिजे. दुसऱ्याच्या दुःखात सब्राचा उपदेश करण्याचा अधिकार आपणांस केव्हा प्राप्त होतो?

सब्राची ताकीद एकमेकांना करावी, ही दिव्य कुरआनचीच शिकवण आहे. मात्र ती कोणत्या क्रमाने आली आहे, याकडे आपले दुर्लक्ष होते. सूरह अल्-अस्रमध्ये प्रथम श्रद्धा, नंतर सत्कृत्ये आणि त्यानंतर सत्याची व सब्राची परस्परांना ताकीद असा क्रम आहे. सूरह अल्-बलदमध्ये तर अल्लाहने एका अवघड चढणीचा उल्लेख केला आहे. ही चढण म्हणजे गुलामाची मान सोडविणे, भुकेच्या दिवशी नात्यातील अनाथाला किंवा धुळीस मिळालेल्या गरजवंताला जेवू घालणे. पुढे श्रद्धावंतांचे जे वर्णन येते, त्यात सब्राच्या ताकिदीसोबत दयेची ताकीद जोडलेली आहे. तेव्हा ज्याच्या उपदेशात सब्र आहे पण दया नाही, त्याने त्या शिकवणीचा अर्धाच भाग उचलला, असे म्हणावे लागेल.

सब्र म्हणजे मुकाट्याने सोसणे, हा समजही तपासून पाहावयास हवा. हजरत अय्यूब (अ.) यांनी आपली व्यथा अल्लाहसमोर मांडली, तरीही कुरआन त्यांना सब्र करणारा म्हणूनच गौरविते. हजरत याकूब (अ.) यांचे डोळे पुत्रशोकाने पांढरे झाले, तरीही त्यांचा सब्र ‘सुंदर सब्र’च राहिला. म्हणून केमोथेरपीने गळून गेलेली एखादी भगिनी रडली, तर तिच्या ईमानचे माप काढण्याचा हक्क कोणासही नाही. त्याचप्रमाणे ‘कोणत्या गुनाहची ही शिक्षा?’ अशी कुजबुज करणाऱ्यांनी स्मरण ठेवावे, की अय्यूब (अ.) हे प्रेषित होते. आजाराने गुनाह झडतात, ही हदीसमधील खुशखबर रुग्णाच्या दिलाशासाठी आहे. ती शेजाऱ्यांच्या हाती दिलेली हिशेबवही नव्हे. आणि कर्करोग स्पर्शाने किंवा एका ताटात जेवल्याने पसरत नाही. रुग्णाची भांडी वेगळी करणे हे अज्ञान आहे आणि त्याची वेदना रोगाहून कमी नसते.

आता त्या घरावर प्रत्यक्ष काय ओढवते, ते पाहू. तलवाड्याच्या रुग्णाला उपचारासाठी छत्रपती संभाजीनगरचे शासकीय कर्करोग रुग्णालय, बार्शीचे नर्गिस दत्त स्मृती रुग्णालय किंवा 1941 पासून परळमध्ये उभे असलेले मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय गाठावे लागते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेमुळे शस्त्रक्रिया, केमोथेरपी व किरणोपचार यांचा मोठा भार हलका होतो, ही फार मोठी सोय आहे. पण किरणोपचार आठवड्यातून पाच दिवस, असे कित्येक आठवडे चालू शकतात. तेवढे दिवस परक्या शहरात राहावयाचे कोठे? सोबत आलेल्याची बुडालेली मजुरी कोण भरून देणार? मागे राहिलेल्या मुलांना कोण जेवू घालणार?

आपल्या जिल्ह्यात ऊसतोड करणारी असंख्य कुटुंबे आहेत. तेथे पती-पत्नी मिळून एक कोयता धरला जातो आणि मुकादमाकडून उचल घेतलेली असते. दोघांपैकी एक आजारी पडला, की दुसरा रुग्णालयात अडकतो. कोयता मोडतो, उचल मात्र अंगावर राहते. एका गाठीबरोबर त्या घरात कर्जही वाढू लागते.

जकातीच्या आठ वाट्यांमध्ये सूरह तौबाने कर्जात बुडालेला आणि वाटसरू या दोघांची नावे घेतली आहेत. घरी थोडीफार मालमत्ता असली तरी प्रवासात ज्याच्या हाती पैसा उरला नाही, तोही त्या वेळी जकातीस पात्र ठरतो, असे फिकहच्या विद्वानांनी सांगितले आहे. परळच्या पदपथावर पथारी टाकून बसलेला आपल्या गावचा शेतकरी हा आजचा वाटसरू नव्हे काय? त्याची दोन एकर जमीन पाहून ‘त्याला काय कमी आहे?’ असे म्हणणाऱ्याने पुन्हा विचार करावा. जे लाजेने हात पसरत नाहीत, त्यांना अजाण माणूस सुखवस्तू समजतो, असे सूरह अल्-बकरहमध्ये स्पष्ट म्हटले आहे. मागणाऱ्याचा आणि न मागणाऱ्या वंचिताचा आपल्या संपत्तीत हक्क आहे, असेही कुरआन सांगते. जो हक्क आहे, तो देताना उपकाराची भाषा शोभत नाही. दिलेले बोलून दाखविले, की ते दान वाया जाते.

रुग्णाइतकाच त्याची सेवा करणारा दुर्लक्षित राहतो. बद्रच्या प्रसंगी प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या कन्या हजरत रुकय्या (रजि.) आजारी होत्या. प्रेषितांनी हजरत उस्मान (रजि.) यांना त्यांच्या शुश्रूषेसाठी मदीनेतच थांबविले आणि बद्रमध्ये हजर असलेल्यांइतकाच मोबदला व युद्धसंपत्तीतील वाटा त्यांना दिला. आजारी पत्नीच्या उशाशी बसणे हे त्या महान दिवसाच्या हजेरीबरोबरीचे मानले गेले! आणि आपण मात्र पतीसाठी रात्रंदिवस जागणाऱ्या भगिनीला “तू जेवलीस का?” एवढेही विचारीत नाही.

खंदकच्या लढाईत हजरत सअद बिन मुआज (रजि.) जखमी झाले, तेव्हा त्यांच्यासाठी मस्जिदीतच तंबू ठोकण्यात आला. प्रेषितांना त्यांची इयादत जवळून करता यावी, हा त्यामागील हेतू होता. जखमींची शुश्रूषा करणाऱ्या रुफैदा (रजि.) यांच्या तंबूचाही उल्लेख सीरतच्या ग्रंथांत येतो. रुग्णाला समाजाच्या केंद्रस्थानी आणणारी ही सुन्नत आहे. हेच काम आज इतर अनेक जण करीत आहेत. दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा कर्करोगाच्या रुग्णांना व नातलगांना आसरा देते. 1986 साली वांद्र्यात सुरू झालेल्या शांती अवेदना या संस्थेने, जेथे रोग बरा होणार नाही तेथेही वेदना कमी करता येते, हे दाखवून दिले. चांगुलपणा जेथे दिसेल तेथून तो शिकणे हे श्रद्धावंताचे लक्षण आहे.

कोणी म्हणेल, लहानशा गावाची जमात काय करणार? रुग्णालय बांधावे, असे कोणी सांगत नाही. शिधापत्रिका व आधारची कागदपत्रे निघण्यापूर्वी एखाद्या शिकलेल्या तरुणाने तपासून द्यावीत. रुग्णालयातील समाजसेवा विभागात राहण्याची, औषधांची व प्रवास सवलतीची चौकशी करावी. शुश्रूषेच्या पाळ्या नातलगांनी वाटून घ्याव्यात, रक्त लागल्यास चार जण तयार असावेत, मुलांच्या जेवणाची व शाळेची जबाबदारी शेजाऱ्यांनी उचलावी, जकात गुपचूप पोहोचवावी. इयादतीला जाताना थोडा वेळ बसावे, दुआ करावी, खर्चाचा आकडा विचारू नये. आणि तिसऱ्या महिन्यातही जावे.

हदीसमध्ये कयामतच्या दिवसाचा एक प्रसंग आला आहे. अल्लाह बंद्याला विचारील, की मी आजारी होतो, तू भेटीस का आला नाहीस? बंदा चकित होईल. तेव्हा त्याला सांगितले जाईल, की माझा अमुक बंदा आजारी होता. त्याच्याकडे गेला असतास तर मला तेथेच पावला असतास. त्या दिवशी सब्राचा उपदेश किती जणांना केला, याची विचारणा या प्रसंगात नाही. विचारणा आहे ती जाण्याची.

अल्लाह सर्व आजारी बंधू-भगिनींना शिफा देवो आणि त्यांच्या दारी पुन्हा पुन्हा जाण्याची तौफीक आपणां सर्वांना देवो. आमीन.