वाटेवरच्या गावांचे देणे

पुण्याच्या लोहगाव विमानतळापासून नाशिकजवळच्या ओझर विमानतळापर्यंत नकाशावर सरळ रेघ ओढली, तर ती जवळजवळ नेमकी उत्तरेला, आंबेगाव आणि जुन्नर तालुक्यांवरून जाते. अंतर साधारण 170 किलोमीटर. मंचर, नारायणगाव करत गाडीने जायचे तर चार-पाच तास मोडतात. विमानाला तासही लागत नाही. खालची गावे ढगाआड कधी सरली, हे प्रवाशाला कळतही नाही.

हा मुलूख पायी चालणाऱ्यांचा. सातवाहनांच्या काळात कोकणातल्या बंदरांकडचा माल नाणेघाट चढून जुन्नरला येई. त्याच वाटेच्या आसऱ्याने इथल्या डोंगरांत बौद्ध लेणी कोरली गेली. जुन्नरच्या लेण्यांतला एक छोटा शिलालेख सांगतो, की इरिल नावाच्या यवनाने (तेव्हा ग्रीकांना यवन म्हणत) पाण्याची दोन टाकी दान दिली. चिट नावाच्या दुसऱ्या यवनाने संघासाठी भोजनमंडप दिला. तहान आणि भूक, वाटेवरच्या माणसाच्या या दोन गरजांना त्यांनी धर्मकार्यात जागा दिली.

मग आज भाविक वाटेवर कुठेही न थांबता विमानाने दोन तासांत काशीला पोहोचला, तर यात्रा घडली की नाही?

पुण्य कष्टात आहे, असे उत्तर लगेच दिले जाते. ते पुरेसे नाही. जुन्नरजवळच्या लेण्याद्रीला गिरिजात्मज गणपतीच्या दर्शनासाठी तीनशेच्या आसपास पायऱ्या चढाव्या लागतात. ज्यांचे गुडघे साथ देत नाहीत, त्यांच्यासाठी तिथे डोली असते. डोलीत बसलेल्या आजीची यात्रा उणी, असे कोणी म्हणत नाही. तिला वर नेणारे खांदे मात्र तिच्या डोळ्यांसमोर असतात. आपण कोणाच्या बळावर देवापर्यंत आलो, हे तिला ठाऊक असते. यात्रेचा गाभा आहे तो या ऋणात.

2020 मध्ये करोनामुळे पंढरपूरची पायी वारी झाली नाही. संतांच्या पादुका हेलिकॉप्टरने, विमानाने की बसने न्यायच्या, याचा विचार झाला आणि अखेर 30 जूनला त्या एसटीने पंढरपूरला गेल्या. एरवी जवळपास तीन आठवड्यांची वाट एका दिवसात सरली. विठ्ठलाची भेट झाली, पण दरसाल दिंड्यांना जेवू घालणाऱ्या, अंगणात उतरवून घेणाऱ्या गावांची सेवा त्या वर्षी राहून गेली. त्या गावांची वारी दारातच घडते. अंतर मिटले की ती आधी बुडते.

विमानप्रवासातही असे ऋण असते, फक्त ते दिसत नाही. पुण्याचा नवा विमानतळ आधी खेड तालुक्यात, म्हणजे आंबेगावच्या शेजारीच, होणार होता. 2016 मध्ये पुरंदरची जागा पुढे आली आणि तिथल्या सात गावांतले शेतकरी जमिनी वाचवण्यासाठी उभे राहिले. माउलींची पालखी ज्या सासवडला दोन रात्री मुक्काम करते, ते याच तालुक्यात आहे. वारकऱ्यांना पाणी देणारा तालुका आता धावपट्टीसाठी शेते देणार असेल, तर तिथून काशीला उडणाऱ्या भाविकाचे त्या शेतकऱ्यांशी नाते जडते. तिकिटाच्या पैशांत ते फिटत नाही. त्यांच्या मोबदल्याचा आणि पुनर्वसनाचा प्रश्न यात्रेकरूंनी, देवस्थानांनी आणि कीर्तनकारांनी आपला मानून उघडपणे मांडायला हवा.