रक्तातील अमानत



गेल्या महिन्यात जुमाच्या नमाजनंतर चाकणच्या कारखान्यात नोकरी करणारे एक गृहस्थ मशिदीत थांबले. मुलीचा रिश्ता मामेभावाशी ठरला होता. तपासणीत दोघेही थॅलेसेमियाचे वाहक निघाले. बोलताना ते वारंवार मागे वळून पाहत होते. त्यांनी विचारले, "मौलाना, ही तपासणी म्हणजे तकदीरीवर अविश्वास तर नव्हे?"

नव्हे. प्लेगची वार्ता ऐकून हजरत उमर (रजि.) शामच्या सीमेवरून परतले, तेव्हा त्यांनाही हेच विचारले गेले. आपण अल्लाहच्या एका तकदीरीकडून त्याच्याच दुसऱ्या तकदीरीकडे जात आहोत, असा त्यांच्या उत्तराचा आशय होता. वाहक स्वतः सहसा निरोगी असतो; मात्र आई-वडील दोघेही वाहक असल्यास प्रत्येक अपत्याला गंभीर आजार होण्याची शक्यता 25 टक्के असते. हे वेळीच कळणे ही अल्लाहची कृपाच होय. निकाह हराम ठरत नाही. पण डॉक्टरांचा सल्ला घेऊन, काहीही न लपवता दोन्ही घरांनी निर्णय घ्यावा.

आता विज्ञान एका आजारापुरते थांबलेले नाही. 2020 मध्ये सुरू झालेल्या 'जीनोम इंडिया' प्रकल्पात सुमारे 10 हजार भारतीयांचे संपूर्ण जनुकसंच वाचले गेले आणि जानेवारी 2025 मध्ये ती माहिती संशोधकांसाठी खुली झाली. आजवरचे असे संशोधन मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांवर झालेले असल्याने आपल्या आजारांच्या निदानासाठी हे कार्य मोलाचे आहे.

परंतु ही माहिती एकट्याची नसते. तुमच्या रक्तात तुमच्या भावंडांची आणि लेकरांचीही ओळख दडलेली असते; ती एकदा बाहेर पडली की बदलता येत नाही. आरोग्य विम्यातून जनुकीय आजार वगळू नयेत, असे विमा नियामकाने 2018 मध्ये कंपन्यांना बजावले. नोकरीतील अशा भेदभावाविरुद्ध मात्र आपल्याकडे स्वतंत्र कायदा नाही. म्हणून संमतीपत्रावर सही करण्यापूर्वी विचारा: नमुना कोठे राहील, कोण वापरील, संमती मागे घेता येईल काय?

माणूस बोलताना वळून पाहू लागला, तर त्याचे बोलणे अमानत ठरते, अशी प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण आहे. त्या पित्याचे वळून पाहणे मला विसरता येत नाही. प्रयोगशाळेने माहिती जपली आणि मोहल्ल्याने त्या मुलीवर 'दोषी' असा शिक्का मारला, तर खियानत आपलीच ठरेल. अशी वार्ता तुमच्या कानी आली, तर ती तेथेच थांबवा.

अल्लाह आपणांस लाभदायक ज्ञान देवो आणि अमानत जपण्याचे बळ देवो. आमीन.