पथ्य आणि व्रत

बिडाच्या जाड तव्यावर गोमांसाचे पातळ काप तापलेल्या तेलात पडतात, त्यांचा लाल रंग करडा होत जातो, मग उभी चिरलेली ढोबळी मिरची आणि कांदा त्यांत मिसळून मऊ पडू लागतात, आणि सर्वांत शेवटी चीजचा थर पसरून वर झाकण ठेवले की दोन मिनिटांत तो वितळून मांसाच्या फटीफटींत उतरतो. अमेरिकेत पाव, बटाटा आणि भात वर्ज्य केलेल्या कितीतरी मंडळींचे हे रात्रीचे जेवण आहे. हा आहारविचार जुना आहे. लंडनच्या विल्यम बँटिंग नावाच्या, अंत्यविधीची व्यवस्था पाहणाऱ्या व्यावसायिकाने १८६३ साली एक पत्रिका छापून पाव, साखर व बटाटे सोडल्याने आपला स्थूलपणा कसा उतरला हे जगजाहीर केले होते. परंतु त्याच अमेरिकेतील धर्मनिष्ठ ज्यू गृहिणीचा हात या तव्यापाशी मांसमिरचीपर्यंत निःशंक चालतो आणि चीजपाशी थांबतो. त्या थांबण्याविषयी मला लिहावयाचे आहे.

करडाला त्याच्या आईच्याच दुधात शिजविण्याची मनाई तोरा या ज्यूंच्या धर्मग्रंथात तीन वेळा येते, आणि तिन्ही ठिकाणी कारणाचा उल्लेख नाही. पुढे रब्बींनी, म्हणजे ज्यू धर्मपंडितांनी, या हुकमाचा व्याप वाढवून सर्वच मांस आणि सर्वच दूध परस्परांपासून दूर केले, भांडी वेगळी केली, मांसानंतर दुधाला शिवण्यापूर्वी किती थांबावे याचीही तजवीज लावली. पुष्कळ ठिकाणी ही मुदत सहा तासांची, जर्मन ज्यूंत तीन तासांची, तर हॉलंडमध्ये एकाच तासाची. कारण मात्र ज्याने त्याने आपल्या बुद्धीने शोधले. जे दूध जिवंत पिलाला पोसते तेच त्याच्या मरणानंतर त्याच्या मांसाची चव वाढवू लागावे, यात अलेक्झांड्रियाच्या फिलो या प्राचीन ज्यू तत्त्वज्ञाला क्रौर्य दिसले. बाराव्या शतकातील ज्यू धर्मपंडित मायमोनिडीस स्वतः वैद्य होता. त्याने असे अन्न जड असते असे सांगितले, आणि मूर्तिपूजकांच्या एखाद्या विधीशी त्याचा संबंध असावा अशी शंकाही नोंदविली.

मायमोनिडीसविषयी संपूर्ण आदर राखून म्हणावेसे वाटते, की पहिल्या कारणाने त्याने व्रताचे पथ्य करून टाकले. पथ्याला प्रयोजन असते, आणि प्रयोजन सरले की पथ्य सुटते; वजन उतरले की पाव पुन्हा ताटात येतो, त्यात कोणी दोष मानीत नाही. व्रताला अशी मुदत नाही. हे अन्न माझ्या देहाचे काय करील, एवढेच पथ्य करणारा विचारतो. ज्या जिवापासून ते आले त्याचे मी काय देणे लागतो, हा प्रश्न व्रतस्थाचा. म्हणून फिलो मला जवळचा वाटतो, जरी त्याच्याविरुद्ध मोठी हरकत घेता येते: करुणाच हवी, तर मांसच का सोडू नये? शिवाय कोंबडीच्या आईला दूध कुठले? गालीलच्या रब्बी योसेने नेमके हेच विचारले होते, आणि त्याच्या गावी कोंबडी दुधासह खात असत. तथापि ज्याला प्राणिवध सर्वस्वी टाळता येत नाही, त्यालाही एक सीमा आखून घेता येते, आणि ती रोज, चुलीपाशी, पोटात भूक असताना पाळावी लागते, हे मी लहान मानीत नाही.

कोकणातल्या बेने इस्रायल या ज्यू समाजाच्या कुटुंबांनी ही सीमा पिढ्यानपिढ्या सांभाळली. त्यांतील पुष्कळांनी तर शेजाऱ्यांच्या भावनेला मान देऊन गोमांसही वर्ज्य केले. त्यांच्या घरी मटणाच्या रश्श्याला दाटपणा आणावयाचा, तर दूधदह्याला हात न लावता नारळ खवतात आणि त्याचा रस पिळून घालतात.