दशावतार, डार्विन आणि आमच्या हातून झालेली चूक



गेल्या चातुर्मासात वडिलांची प्रकृती बरी नसल्यामुळे दोन एकादशींचे निरूपण आमच्याकडे आले होते. आमचे शिक्षण शालान्त परीक्षेपर्यंतचे. पूजेचे मंत्र वडिलांनी शिकविले, बाकी वाचन हाती येईल तसे. दुसऱ्या एकादशीस एका लहान मुलाने उभे राहून विचारले, "माणूस मनूपासून झाला की माकडापासून? शाळेत एक सांगतात आणि इथे दुसरे." आम्ही क्षणाचाही विलंब न लावता सांगितले की दोहोंत विरोधच नाही. मत्स्य जलचर, कूर्म उभयचर, वराह स्थलचर, नरसिंह अर्धा पशू, वामन अपुरा मानव आणि पुढे पूर्ण मानव. डार्विनने १८५९ साली जे लिहिले ते आमच्या पूर्वजांस आधीच अवगत होते. मंडळींनी टाळ्या वाजविल्या. देवळात निरूपणाला टाळ्या पडू लागल्या म्हणजे काही तरी बिघडले आहे, हे तेव्हाच ध्यानी यावयास हवे होते.

तीर्थप्रसादानंतर सभामंडपात एका निवृत्त गुरुजींनी आम्हांस बाजूस घेतले. म्हणाले, "बाळ, सिंह हा माणसाचा पूर्वज असे डार्विनने कुठे लिहिले आहे ते मला दाखवशील का?" आम्ही निरुत्तर झालो. ते पुढे म्हणाले, "आणि परशुराम व राम तर एकमेकांस भेटले. मग एक दुसऱ्याच्या आधीची पायरी कशी?" त्या रात्री आम्हांस झोप आली नाही. पुढे त्यांच्याच कपाटातील पुस्तके आणून वाचली. जे समजले ते, आणि आमची चूक, आपणांपुढे ठेवणे आमचे कर्तव्य आहे.

मुळात ही तुलना डार्विनच्या ग्रंथानंतरची आहे, आधीची असूच शकत नाही. ब्लाव्हाट्स्कीबाईंनी १८७७ साली न्यूयॉर्कमध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात ती मांडली; त्या बाई जन्माने रशियन. पुढे केशवचंद्र सेन यांनीही तिचा पुरस्कार केला. परक्या राज्यात मान खाली घालून वावरणाऱ्या पिढीला तिचा आधार वाटला असेल, त्यांस आम्ही दोष देत नाही. परंतु आम्ही काय केले ते पाहा. तीन पावलांत त्रैलोक्य व्यापणाऱ्या वामनास आम्ही देवळात बसून 'अपुरा मानव' म्हटले! प्रल्हादाच्या हाकेसरशी खांबातून प्रकट झालेल्या नरसिंहास एका परदेशी पुस्तकाच्या पायरीवर नेऊन बसविले. हा त्या ग्रंथाचा अपराध नव्हे, आमचा आहे.

आता तो ग्रंथ व त्याच्या आधीची मते. आयर्लंडमधील आर्चबिशप जेम्स अशर यांनी १६५० साली बायबलातील वंशावळींवरून हिशेब करून सृष्टीची उत्पत्ती इसवी सनापूर्वी ४००४ या वर्षी झाली असे ठरविले होते. कल्प-मन्वंतरांची गणना संकल्पात रोज उच्चारणाऱ्या आम्हांस तो काळ फारच तोकडा वाटतो. पण आपली गणना मोठी म्हणून ती भूगर्भशास्त्र ठरत नाही, हेही खरे. १८०९ साली फ्रान्समध्ये लामार्क यांनी प्राणी पालटत जातात असे सांगितले. वापराने अवयव वाढतात आणि ती वाढ संततीत उतरते, हे त्यांचे स्पष्टीकरण मात्र पुढे टिकले नाही. डार्विन आणि वॉलेस यांचे निसर्गनिवडीचे विवेचन लंडनच्या लिनियन सोसायटीपुढे १ जुलै १८५८ रोजी वाचले गेले. १८५९च्या ग्रंथात डार्विनने माणसाविषयी जवळजवळ मौनच पाळले आहे. हक्सले यांनी १८६३ साली माणूस व वानर यांच्या सांगाड्यांची तुलना प्रसिद्ध केली आणि डार्विनने १८७१ साली माणसावर स्वतंत्र ग्रंथ लिहून मौन सोडले. त्यातही आजचे माकड हा आपला आजोबा असे म्हटलेले नाही. आपण आणि ते एका प्राचीन पूर्वजापासून निघालेल्या दोन शाखा, असे म्हटले आहे. चुलत भावाला आजोबा म्हटल्याने घरात जसा गोंधळ होईल तसा हा गोंधळ गेली दीडशे वर्षे चालू आहे. मानवाचे आद्य पूर्वज बहुधा आफ्रिकेत राहत असावेत, असे अनुमानही त्याने त्या ग्रंथात केले.

येथून पुढची हकीकत आम्हांस फार लागली. डार्विनचे अनुमान इंग्रज विद्वानांस रुचेना. पहिला माणूस आपल्याच देशात सापडावा अशी त्यांची आस होती. आणि तो सापडला! चार्ल्स डॉसन नावाच्या वकिलाने ससेक्समधील पिल्टडाउन येथून कवटीचे व जबड्याचे तुकडे आणले आणि १८ डिसेंबर १९१२ रोजी ब्रिटिश म्युझियमचे आर्थर स्मिथ वुडवर्ड यांनी ते लंडनच्या भूशास्त्र मंडळापुढे मांडले. मेंदू माणसाचा, जबडा वानराचा. हवे होते अगदी तसेच. तेथेच क्रिकेटच्या बॅटीसारखे घडविलेले एक हाडही निघाले, तरी कोणास हसू आले नाही. १९२४ साली दक्षिण आफ्रिकेत टाउंग येथे एका बालकाची खरी प्राचीन कवटी मिळाली. रेमंड डार्ट यांनी १९२५ साली तिचे वर्णन छापले, तेव्हा आर्थर कीथ आदी थोरांनी ती वानराची म्हणून बाजूस सारली. पिल्टडाउनच्या साच्यात ती बसत नव्हती ना! शेवटी १९५३ साली वायनर, ओकली व ली ग्रॉस क्लार्क यांनी सिद्ध केले की जबडा ओरांगउटान वानराचा आहे, दात कानशीने घासलेले आहेत आणि हाडे रंगवून जुनी भासविली आहेत. एक्केचाळीस वर्षे! वुडवर्ड तोपर्यंत वारले होते. निवृत्तीनंतरही ते त्याच खड्ड्याजवळ खणीत राहिले होते. कीथ यांनी मात्र डार्ट यांचे म्हणणे बरोबर होते, हे १९४७ साली छापून मान्य केले. वयाची ऐंशी वर्षे उलटल्यावर असे लिहावयास छाती लागते.

हे वाचताना आम्हांस त्या सभामंडपातील टाळ्या आठवल्या. आम्ही दात कानशीने घासले नाहीत, पण नरसिंहाचे व वामनाचे कोपरे घासून त्यांस एका साच्यात बसविलेच. फरक इतकाच की वुडवर्डांस दुसऱ्याने फसविले, आम्ही आपले आपणच फसलो.

कोणी विचारतील, मग शाळेतले खरे की पुराणातले? शरीर कसे घडले हे हाडे व खडक पाहून ठरवावयाचे, ते शाळेतले ऐकावे. डार्विनचे आफ्रिकेविषयीचे अनुमानही पुढे खरे ठरले. मोरोक्कोतील जेबेल इरहूद येथील सुमारे तीन लक्ष वर्षांपूर्वीचे अवशेष आपल्या जातीचे प्राचीनतम म्हणून २०१७ साली प्रसिद्ध झाले आहेत. अवतार कशासाठी, हा प्रश्न निराळा. त्याचे उत्तर प्रल्हादाला विचारावे, जबड्याला नव्हे. ऋग्वेदातील नासदीय सूक्त सृष्टीच्या उगमाविषयी बोलता बोलता शेवटी संशयापाशी येऊन थांबते. ऋषींनी जेथे थांबणे योग्य मानले तेथे आम्ही अकरावीच्या बळावर पुढे धावलो.

आपल्या नर्मदाकाठीही असा एक पूर्वज मिळाला आहे. ५ डिसेंबर १९८२ रोजी सिहोर जिल्ह्यातील हथनोरा येथे भूवैज्ञानिक अरुण सोनकिया यांस एका कवटीचा वरचा भाग सापडला. प्रथम तिची गणना होमो इरेक्टस या जातीत झाली, पुढे विद्वानांत मतभेद झाले. वडिलांस हे वाचून दाखविले तेव्हा ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "तर्पणात ज्यांचे कोणी नाही त्यांनाही पाणी आहेच. त्यात याचीही सोय आहे." आमच्या डोक्यात हे आले नव्हते.

येत्या एकादशीस त्या मुलास पुन्हा पुढे बसवून आम्ही आमचे उत्तर मागे घेणार आहोत. गुरुजी कवट्यांच्या चित्रांचे पुस्तक घेऊन येतील. आपणही मुलांसह यावे. आरती नेहमीप्रमाणे साडेसातला होईल.