डुलकीचा दोष कोणाकडे?

सोलापूरच्या पूर्व भागातील एका देवळात सप्ताह चालू होता. टाळकऱ्यांच्या रांगेत एकोणीस-वीस वर्षांचा एक मुलगा उभा राहत असे. आवाज गोड, टाळाचा हात पक्का. पण बुवांनी एखादा गमतीचा दृष्टांत दिला आणि मंडळी हसली, की याचे गुडघे मोडत, मान खाली पडे, टाळ हातून सुटे. मिनिटभरात पुन्हा उभा. एरवीही भर दिवसा बसल्या जागी झोपी जाई. कोणी म्हणे, पोराला भाव दाटतो. कोणी म्हणे, बाहेरची बाधा आहे. बहुतेकांचे मत, आळशी आहे, रात्री कुठेतरी भटकत असेल. तिसऱ्या दिवशी तो असा खाली पडलेला असताना मीच सर्वांदेखत म्हणालो, "अरे कुंभकर्णा, झोपायचं तर घरी जा!" लोक आणखी हसले. तो उठला, टाळ जागेवर ठेवला, नमस्कार केला आणि गेला. दुसऱ्या दिवशी आला नाही.

पुढे त्याच्या आईने त्याला मेंदूच्या डॉक्टरांकडे नेले. निदान झाले नार्कोलेप्सीचे. हसू आले की अंगातली शक्ती एकाएकी जाणे, हे या रोगाचे ठळक लक्षण. त्या वेळी शुद्ध जात नाही. माणूस पडलेला असतो, पण त्याला ऐकू येत असते. म्हणजे मी जे बोललो ते त्याने ऐकले होते. ही गोष्ट मला कळली तेव्हापासून या विषयावर जे मिळेल ते मी वाचत आलो आहे.

या रोगाला नाव दिले फ्रान्समधल्या जेलिनो नावाच्या वैद्याने, १८८० साली. कारण मात्र शंभर वर्षांहून अधिक काळ कोणाला उमगले नाही. १९९८ मध्ये शास्त्रज्ञांच्या दोन वेगळ्या मंडळींना मेंदूतले एकच द्रव्य सापडले. एकांनी त्याला ओरेक्सिन म्हटले, दुसऱ्यांनी हायपोक्रेटिन. अमिनो आम्लांचे मणी ओवून झालेली ही लहानशी माळ. एका प्रकारात ३३ मणी, दुसऱ्यात २८. अशा माळांना पेप्टाइड म्हणतात. ही द्रव्ये तयार करणाऱ्या पेशी मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाच्या भागात असतात. मेंदूत एकंदर चेतापेशी सुमारे ८,६०० कोटी, आणि त्यांत या किती? पन्नास ते ऐंशी हजारांच्या आसपास. एवढ्यांच्या भरवशावर आपण दिवसभर जागे!

यांचे काम सप्ताहाच्या पहाऱ्यासारखे आहे. वीणा सात दिवस खाली ठेवायची नाही, एकाने दुसऱ्याच्या गळ्यात घालायची, हे वाचकांना सांगायला नको. जाग आणणाऱ्या पेशी मेंदूत इतरही आहेत. सर्दीची जुनी गोळी घेतली की डोळे मिटतात, कारण त्या पेशींतल्या एका गटाचे हिस्टामिन हे द्रव्य ती अडवते. पलीकडे झोप आणणाऱ्या पेशीही आहेत, आणि या दोन पक्षांची ओढाताण चालू असते. ओरेक्सिनच्या पेशी जागत्या पक्षाला धरून ठेवतात, म्हणून जाग मध्येच तुटत नाही. त्या मुलाच्या रोगात यांतल्या दहापैकी नऊ गेलेल्या असतात. बहुधा शरीराचे संरक्षण करणारी शक्तीच चुकून त्यांच्यावर उलटते, असा तज्ज्ञांचा कयास आहे. वीणेकरीच उरला नाही, तर वीणा खाली येणारच.

इथे थोडे विषयांतर. हायपोथॅलॅमसच्या याच बाजूच्या भागात १९५१ मध्ये बाल कृष्ण आनंद या आपल्या भारतीय शास्त्रज्ञाने, अमेरिकेतल्या ब्रोबेक यांच्यासह, भुकेचे ठाणे शोधले होते. तो भाग निकामी केला की उंदीर खाणेच सोडी. ओरेक्सिन हे नावही भुकेच्या ग्रीक शब्दावरून पडले. रक्तातली साखर वाढली की या पेशी मंदावतात, असे उंदरांवरच्या प्रयोगांत दिसले आहे. एकादशीला उपवास आणि जागर एकाच दिवशी का, यावर त्यामुळे मी बराच विचार केला. ते सिद्ध झाले, असे मी म्हणणार नाही. पण साबुदाण्याची परात संपवून जागराला बसणाऱ्यांनी झोपेला नावे ठेवू नयेत, एवढे म्हणतो!

असो. हे सगळे मी आमच्या एका वृद्ध वीणेकऱ्यांना सांगितले. ते म्हणाले, "मास्तर, असं म्हटलं तर उद्या चोरही म्हणेल, मी नाही केलं, मेंदूनं केलं." शंका खरी आहे, ती हसण्यावारी नेता येत नाही. मला सुचले ते असे. झोप लागण्याच्या क्षणी माणसाचे काही चालत नाही, पण त्याआधी तो जागा होता. दोन रात्री न झोपता जो पुण्याच्या रस्त्यावर गाडी हाकायला बसतो, त्याचा दोष डोळा लागला त्या क्षणी नसतो. चावी फिरवली तेव्हा तो घडलेला असतो. त्या मुलाने मात्र आदल्या रात्री पोटभर झोप घेतली होती. त्याने जागेपणी काय चुकवले?

आणि यंत्रमागावर रात्रपाळी करून पहाटे काकड्याला येणारा? त्याचे पहारेकरी शाबूत आहेत. पण जागेपणी मेंदूत ॲडेनोसिन साठत जाते, झोपेचे ऋण म्हणा. चहा ते फेडत नाही, फक्त सावकाराला घटकाभर दाराबाहेर थांबवतो. तो डुलतो, तेव्हा त्याला दोन पाळ्या करायला लावणाऱ्याकडेही पाहिले पाहिजे. चादरींनी जगाला पांघरूण घालणाऱ्या आमच्या शहरात हे बोलायला लोक कचरतात. आळसाने लोळणारा तिसरा, तो वेगळा; त्याला बोल लावावा. पण बाहेरून तिघेही सारखेच दिसतात.

गीतेच्या चौदाव्या अध्यायात निद्रा तमाच्या पदरात टाकली आहे, आणि सहाव्यात अति झोपणारा व अति जागणारा दोघांनाही योग साधत नाही असे सांगितले आहे. अर्जुनाला गुडाकेश म्हणजे झोप जिंकणारा म्हणतात. आणि ज्याच्या नावाने मी त्या पोराला हिणवले, त्या कुंभकर्णाची लोकांत चालणारी कथा तरी काय? मागायचे होते इंद्रासन, जीभ वळली आणि निघाले निद्रासन. झोप त्यानेही आपखुशीने मागितली नव्हती! मी स्वतः आजवर रात्ररात्र जागलो, त्याचा मला अभिमान असे. आता वाटते, त्यात माझे किती आणि त्या पन्नास-ऐंशी हजारांचे किती?

मुलगा पुढच्या वर्षी परत आला. औषध चालू आहे. कीर्तनाआधी देवळामागच्या खोलीत वीस मिनिटे झोपतो. विनोद वगळू का, असे बुवांनी विचारले तर नको म्हणाला. मी त्याला बाजूला घेऊन म्हटलं, "बाळ, त्या दिवशी मी चुकलो. कुंभकर्ण मीच, जागा असून झोपलेला." त्याला एकदम हसू फुटले आणि त्याचे गुडघे गेले. या वेळी मी जवळच उभा होतो. काखेत हात घालून सावरले, आणि उठेपर्यंत त्याचा टाळ हातात धरून ठेवला.