दान, करार आणि ऋण

रोग्याला औषध द्यावे, याविषयी कोणत्याही विचारवंताचे दुमत नाही. परंतु ते औषध रोग्याच्या हाती कोणत्या नात्याने पडते, हा प्रश्न सोपा नाही. ती दात्याची कृपा आहे, पैसे मोजून घेतलेली वस्तू आहे, की समाजाने फेडावयाचे ऋण आहे? या प्रश्नाला एखादे राष्ट्र जे उत्तर देते, त्यावरच त्याची आरोग्यव्यवस्था उभी राहते. कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातील तंजावरकडील गावांत ही तिन्ही उत्तरे क्रमाक्रमाने आचरणात आलेली दिसतात. म्हणून त्या भूमीचा विचार येथे उपयोगी पडेल.

पहिले उत्तर दानाचे. तंजावरचे भोसले राजे सरफोजी दुसरे यांच्या कारकिर्दीत (१७९८ ते १८३२) धन्वंतरी महालात आयुर्वेद, सिद्ध, युनानी आणि पाश्चात्त्य अशा चारही पद्धतींचा अभ्यास चाले. नेत्ररोग्यांची सचित्र टिपणे सरस्वती महाल ग्रंथालयात आजही जपून ठेवलेली आहेत. यात्रेकरूंच्या वाटांवर छत्रे होती. ओरत्तनाड येथील मुक्तांबेच्या स्मरणार्थ बांधलेले छत्र त्यांपैकी प्रसिद्ध आहे. राज्याचा कारभार कंपनीच्या हाती गेल्यावर ही छत्रे तरी आपल्याकडे राहावीत, म्हणून राजांनी १८०१ साली रेसिडेंटास पत्र लिहिले. त्या पत्रात छत्रांची व्यवस्था सविस्तर सांगितली आहे. सर्व जातींच्या वाटसरूंना अन्न मिळे. आजारी पडलेल्यास वैद्य, औषध आणि पथ्य मिळे. बरा होईपर्यंत त्याची आदराने शुश्रूषा होई. अनाथ मुलांस शिक्षकाच्या हाती सोपवीत. गर्भवती स्त्रियांची काळजी घेत. परका वाटसरू मरण पावल्यास त्याचे अंत्यसंस्कारही करीत. ज्याच्याकडून परतफेडीची काडीमात्र आशा नाही, त्याला योग्य वेळी योग्य ते देणे, हेच गीतेच्या सतराव्या अध्यायातील सात्त्विक दानाचे लक्षण होय. त्या कसोटीस ही छत्रे निःसंशय उतरतात.

तथापि दानाची एक मर्यादा त्याच पत्रातून उघड होते. दाता परतंत्र होताच दानाचे भवितव्य दुसऱ्याच्या मर्जीवर जाऊन पडले. दुसरी मर्यादा याहून गंभीर आहे. ज्या सुपीक भूमीच्या उत्पन्नावर दानधर्म चाले, तीच भूमी कसणारा पण्णैयाळ, म्हणजे सालदार शेतमजूर, पिढ्यान्‌पिढ्या मालकाशी बांधलेला राही. त्याच्या रक्षणासाठी १९५२ साली स्वतंत्र कायदा करावा लागला. पुढे मजुरीच्या वादातून २५ डिसेंबर १९६८ रोजी कीळवेण्मणी गावात ४४ दलित माणसे, त्यांत बहुतेक स्त्रिया आणि मुले, झोपडीत जाळून मारली गेली. जो प्रदेश अन्नदानासाठी विख्यात, तेथेच हे घडले. यावरून दान निंद्य ठरत नाही. परंतु न्यायाची जागा दानाने भरून निघत नाही, एवढे मात्र सिद्ध होते. वाटसरूच्या जखमेवर औषध लावणारा हात शेतातील मजुराची मजुरी रोखून धरू शकतो.

दुसरे उत्तर कराराचे, म्हणजेच विम्याचे. जर्मनीत १८८३ साली कामगारांसाठी आजाराचा विमा कायद्याने सुरू झाला. भारतात कर्मचारी राज्य विमा कायदा १९४८ साली झाला. त्यात मालक आणि कामगार दोघेही वर्गणी भरतात. यात मोठा गुण असा की, रोगी याचक राहत नाही. तो हक्काने दवाखान्याची पायरी चढतो. परंतु ही व्यवस्था कारखाने आणि आस्थापना यांच्यासाठी आहे. आज या बांधावर तर उद्या त्या बांधावर लावणी करणाऱ्या बाईचा मालक कोण, हेच निश्चित नसते. मग तिची वर्गणी कोणी भरावी? खाजगी विम्याची अडचण निराळी आहे. तेथे वय आणि रोग पाहून हप्ता ठरतो. ज्याला गरज अधिक त्याला दार अधिक अरुंद. केवळ व्यवहार म्हणून यात अन्याय नाही. परंतु केवळ व्यवहार हा समाजाचा धर्म होऊ शकत नाही.

तिसरे उत्तर त्या प्रदेशातील पाण्यानेच शिकविले आहे. तेथे कुडिमरामत नावाची जुनी चाल आहे. कुडि म्हणजे रयत. मरामत हा शब्द मराठीसही परिचित आहे. पाणी येण्यापूर्वी गावकऱ्यांनी मिळून पाट आणि तळी यांचा गाळ काढावयाचा. मेट्टूर धरणाचे पाणी १२ जूनला सोडण्याची प्रथा आहे. ते पाणी पाटाच्या तोंडाशी असलेल्या शेतास प्रथम मिळते आणि शेवटच्या शेतास सर्वांत उशिरा. तोंडाशी असलेला शेतकरी ‘माझ्या शेतात पाणी आले, पुढचा गाळ मी का काढू?’ असे म्हणेल, तर शेवटची शेते वाळून जातील. त्याचे कुदळ मारणे हे दान नव्हे आणि करारही नव्हे. वाहत्या पाण्याचा तो लाभ घेतो, त्याचे ते ऋण आहे. गीतेच्या तिसऱ्या अध्यायातील यज्ञचक्राचा अर्थ याहून निराळा नाही. परस्परांचे पोषण करीत राहावे. जो घेतो परंतु चक्रात काही घालीत नाही, तो चोर ठरतो.

तामिळनाडू राज्याने २००९ साली गरिबांसाठी सरकारी आरोग्यविमा सुरू केला. २०१२ साली त्यास नवे रूप आले आणि २०१८ साली केंद्राच्या योजनेशी त्याची सांगड घालण्यात आली. आज पात्र कुटुंबास वर्षाकाठी ५ लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांचे संरक्षण आहे आणि हप्ता सरकार भरते. नाव विम्याचे असले तरी हे तत्त्व कुडिमरामतीचे आहे. तथापि अशा विम्याचा भर मुख्यतः रुग्णालयात दाखल होऊन घ्यावयाच्या उपचारांवर असतो. मधुमेह आणि रक्तदाब यांना रोजची गोळी लागते. ती वेळेवर न मिळाल्यास शेवटी जी शस्त्रक्रिया करावी लागते तिचा खर्च विमा देईल, परंतु गेलेला पाय परत देणार नाही. २०२१ पासून त्या राज्यात अशा रोग्यांच्या घरी औषधे पोचविण्याची योजना सुरू झाली, ती यासाठीच महत्त्वाची. पाट फुटल्यावर बांध घालण्यापेक्षा आधी गाळ काढणे श्रेयस्कर.

येथे एक शंका उपस्थित होते. सरकारने सर्व भार उचलला, तर मुलाचा मातापित्यांविषयीचा धर्म क्षीण होणार नाही काय? याचे उत्तर अनुभवात आहे. आईच्या शस्त्रक्रियेसाठी दागिने गहाण पडतात, शेत सावकाराकडे जाते. आई वाचते, परंतु आपल्यापायी घर बुडाले हे शल्य तिला बरे होऊ देत नाही. कित्येक वृद्ध म्हणूनच दुखणे लपवितात. जेथे प्रेमाची किंमत कर्जाने मोजावी लागते, तेथे सेवेचे भय वाटू लागते. पैशाचा भार समाजाने उचलला, तरी उशाशी बसणे, रात्री पाणी देणे, धीर देणे ही कर्तव्ये मुलाकडेच राहतात. विमा ती कधीच करू शकत नाही.

दुसरी शंका निरोगी मनुष्याची. ‘इतकी वर्षे हप्ता भरला, काहीच उपयोग झाला नाही, पैसे फुकट गेले,’ असे तो म्हणतो. परंतु ते पैसे कोणा अनोळखी रोग्याच्या अंथरुणापाशी पोचले, हेच त्यांचे फळ होय. आपणास त्याची गरज पडली नाही, याहून मोठा लाभ कोणता? आणि जे रुग्णालय अनावश्यक शस्त्रक्रिया करून विम्याचे पैसे उचलते, ते सरकारला नव्हे, तर पाटाच्या शेवटी वाट पाहणाऱ्या शेतकऱ्याला लुबाडते.

दान हृदय मोठे करते आणि करार हक्क निश्चित करतो. दोहोंचीही आवश्यकता आहे. परंतु ऋणाची जाणीव नसेल, तर दान अहंकाराकडे झुकते आणि करार स्वार्थाकडे. ज्याचे शेत पाटाच्या तोंडाशी आहे त्याने शेवटच्या शेताकडे पाहून कुदळ उचलावी. राष्ट्राच्या आरोग्याचा धर्म एवढ्यातच आला.