नंदिविशाल का थांबला?



आपल्या घरांत आता मुलांसाठी रंगीत चित्रांची जातककथांची पुस्तके येऊ लागली आहेत. ही आनंदाची गोष्ट आहे. ज्या घरात मुलांच्या कानांवर भुताखेतांच्या आणि नवसाच्या गोष्टी पडत, त्या घरात ससा, माकड, हत्ती, बैल ही मंडळी तथागतांचे बोट धरून येत आहेत. परंतु पुस्तक मुलाच्या हाती दिले की आपले काम संपले, असे समजू नका. ते आधी स्वतः वाचा. का वाचावे, ते एकाच कथेवरून सांगतो.

तक्षशिलेच्या एका ब्राह्मणाकडे नंदिविशाल नावाचा बैल होता. मालकाने त्याला वासरापासून पेज-भात घालून लेकरासारखे वाढविले होते. बैलाच्या मनात आले, ज्याने एवढ्या मायेने वाढविले त्याचे ऋण फेडावे. म्हणून त्यानेच मालकाला सुचविले की, एखाद्या शेठाशी हजार नाण्यांची पैज लाव. एकामागे एक बांधलेल्या शंभर गाड्या मी ओढून दाखवितो. वाळू, खडे, दगड भरून गाड्या उभ्या राहिल्या. मालक धुरेवर बसला, पराणी उगारली आणि ओरडला, ‘चल रे लबाडा, ओढ रे लबाडा!’ बैलाचे चारी पाय खांबासारखे रोवले गेले. पैज गेली. मालक घरी येऊन हातपाय गाळून पडला. तेव्हा बैलाने त्याला विचारले, इतकी वर्षे मी तुझ्या घरी आहे. कधी मडके फोडले? कोणाला धडक दिली? नको तेथे घाण केली? मग मला लबाड का म्हणालास? दोष तुझा आहे, माझा नाही. आता दोन हजारांची पैज लाव, पण मला त्या नावाने हाक मारू नकोस. दुसऱ्या वेळी मालकाने पाठीवरून हात फिरवून ‘भल्या, चल’ म्हटले आणि शंभर गाड्या हलल्या.

मुलांच्या पुस्तकात याखाली बहुधा एक ओळ असते: गोड बोलावे म्हणजे काम होते. चित्रही तेच, गाड्या ओढणारा बैल आणि हसणारा मालक. माझ्या मते हे तात्पर्य अपुरे आहे, आणि आपल्या मुलांच्या बाबतीत तर घातकही आहे. ही कथा मालकाला शहाणे करण्यासाठी सांगितली, की बैलाची बाजू मांडण्यासाठी?

कथा कोणत्या प्रसंगी सांगितली ते पाहिले की उत्तर मिळते. हा प्रसंग या पुस्तकांतून नेमका गाळलेला असतो. श्रावस्तीच्या जेतवनात सहा भिक्षूंचा एक गट इतर सदाचारी भिक्षूंना टोचून बोलत असे; कोणाची जात काढी, कोणाचे नाव, कोणाचे गोत्र, कोणाचा धंदा, कोणाचे आजारपण. तक्रार तथागतांपर्यंत गेली. त्यांनी त्या गटाची कानउघाडणी केली, नंदिविशालाची कथा सांगितली आणि असे बोलणे हा भिक्षूचा अपराध ठरविला. हा नियम विनयपिटकात आजही आहे. तेथे चांडाळ, वेण, निषाद, रथकार, पुक्कुस या जातींची नावे येतात. बुरूड, कुंभार, विणकर, चर्मकार, न्हावी यांची कामे येतात. कामांविषयी ग्रंथ सांगतो की त्या त्या प्रदेशात लोक ज्याला कमी लेखतात ते हलके. म्हणजे हलकेपणा कामात नाही, लेखणाऱ्यात आहे. जातींपुढे मात्र ‘हीन’ हा शब्द तसाच लिहिला आहे. वाचताना तो खटकतो, आणि खटकावाच. पण नियम कोणाच्या बाजूचा आहे, याविषयी शंका राहत नाही.

त्या नियमात आणखी एक बारकावा आहे. टोचण्याच्या हेतूने मोठेपणाचा शब्द वापरला, तरी तो अपराधच. आपल्या नोकरदार मुलाला कचेरीत कोणी ‘या, सरकारचे जावई’ म्हणतो, तेव्हा जावई हा शब्द मानाचाच असतो ना? शब्द मानाचा असूनही त्याचे वजन कसे असते, ते ज्याला ऐकावे लागले त्याला विचारा.

आपल्या आजोबांचे नाव सखाराम होते, पण गावातले शेंबडे पोरही त्यांना सख्या म्हणे. आजोबा मात्र थांबले नाहीत. थांबण्याची सोय नव्हती. म्हणून मुलाला कथा सांगताना बैल उभा राहतो त्या पानावर आपणही थांबावे. त्याने शिंग उगारले नाही, गाडी उलटवली नाही. जे आपण नाही ते नाव त्याने स्वीकारले नाही, एवढेच. ताकद तर होतीच. ती त्याने दुसऱ्या वेळी दाखविली.

आता एक अप्रिय गोष्टही बोलतो. दीक्षा घेतल्यावर आपली जीभ बदलली काय? पोटजातीचा शब्द भांडणात अजून बाहेर पडतो. नुकत्याच दीक्षा घेतलेल्या दुसऱ्या जातीच्या कुटुंबाला ‘हे आत्ताचे बौद्ध’ म्हणून एका बाजूला बसविले जाते. जेतवनातले ते सहा जण चीवरधारी होते, हे विसरू नका.

काही पालक विचारतात, कथेच्या शेवटी ‘तो नंदिविशाल मीच होतो’ असे बुद्ध म्हणतात, त्याचे काय करायचे? आत्म्याचा पुनर्जन्म बाबासाहेबांनी मानला नाही. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात त्यांनी या प्रश्नाचा सविस्तर विचार केला आहे. मुलाला सरळ सांगा की ही गोष्ट आहे, बैल बोलत नसतात. जुन्या काळी गोष्ट सांगण्याची ही रीत होती. एवढे सांगितल्याने कथेचे काही बिघडत नाही.

मला खरी अडचण आली ती निराळी. विहाराच्या रविवारच्या वर्गात ही कथा संपल्यावर दहा वर्षांचा एक मुलगा म्हणाला, ‘गुरुजी, पण पैसे तर मालकालाच मिळाले. गोड बोलला म्हणून ओढायच्या का?’ मी त्या दिवशी गप्प बसलो. पुढच्या रविवारी त्याला सांगितले की बैलाने पैज स्वतः सुचविली होती, कारण त्या घराने त्याला खाऊपिऊ घालून वाढविले होते. आपल्या वाडवडिलांना गावाने पेज-भात घालून वाढविले नव्हते. सांगावा पोचवायचा, मेलेली गुरे ओढायची, त्याबदली वतनाचा तुकडा आणि शिळी भाकर. आणि काम अडले की ‘तुम्ही आपल्या गावचेच’ अशी गोड भाषा. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कौन्सिलात वतनाचे बिल मांडले, ते त्या गोड भाषेला भुलले नाहीत म्हणूनच. मुलाने विचारले, ‘मग त्या गाड्या कोणी ओढल्या?’ मी म्हणालो, तुझ्या आजोबांना विचार. तो विचारून आला. त्याच्या पुढच्या रविवारी आजोबा स्वतःच विहारात आले आणि भिंतीला टेकून बसले.